शरदातला उपशय कोणाचा?
भोर-वेल्ह्यातील आंतरवासी विद्यार्थी आणि संशोधनदृष्टी

‘जानुशूल. सात दिवस जानुबस्ती. लाभ.’

आंतरवासी विद्यार्थ्यांच्या रुग्णपत्रिका तपासताना गेली कित्येक वर्षे हे तीन शब्दसमूह आमच्या डोळ्यांखालून जात आले आहेत. वर अष्टविध परीक्षेचे रकाने असतात. त्यांत मल साम, जिव्हा साम, नाडी वातप्रधान अशी नोंद ओळीने दहा पत्रिकांवर एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईने, बहुधा एकाच बैठकीत झालेली असते. खाली आमची स्वाक्षरी असते. ही स्वाक्षरी आम्हीही फारसा विचार न करता करीत आलो, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

संशोधन म्हटले की आपल्या वैद्यवर्गाच्या मनात पदव्युत्तर प्रबंध, प्रयोगशाळा आणि सांख्यिकीची कोष्टके उभी राहतात. पदवीच्या विद्यार्थ्याचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न ज्येष्ठ वैद्यही विचारतात. आमच्या विद्यार्थिदशेत तर हा विषय स्वतंत्रपणे कोणी शिकवलाच नाही. आता परिस्थिती बदलली आहे. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमावलीनुसार पदवी अभ्यासक्रमाच्या तृतीय व्यावसायिक वर्षात संशोधन पद्धती व वैद्यकीय सांख्यिकी हा स्वतंत्र विषय आला. त्याच वर्षी केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्पार्क’ ही दोन महिन्यांची, ५०,००० रुपयांची शिष्यवृत्ती सुरू केली. या गोष्टी स्वागतार्हच आहेत. परंतु मध्यमान आणि प्रमाण विचलन तोंडपाठ असलेला विद्यार्थी आंतरवासितेत आला, तरी त्याची रुग्णपत्रिका ‘लाभ’ या शब्दावरच संपते, असा आमचा अनुभव आहे. असे का होते, आणि भोर व वेल्हे या दोन तालुक्यांत त्यावर काय करता येते, हे आमच्याच एका चुकीच्या आधारे येथे मांडत आहोत.

वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड तालुका असे झाले आहे. तथापि खोऱ्यांतील जुन्या माणसांच्या तोंडी आणि आमच्याही लेखणीत वेल्हे हेच रुळले असल्याने तेच ठेवतो.

हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही सारी भाताची खोरी. पश्चिमेकडे घाटमाथ्याला पाऊस असा कोसळतो की आषाढात समोरचा राजगड वा तोरणा आठ-आठ दिवस दिसत नाही. लावणी याच दिवसांत होते. चिखलणी केलेल्या खाचरात पोटरीभर गार पाण्यात उभे राहून, कमरेत वाकून, मागे मागे सरकत दिवसभर रोपे लावायची. या कामाचा बहुतांश भार स्त्रियांवर असतो. शीत, जल, अतिश्रम, विषम अंगस्थिती आणि त्यातच वर्षा ऋतू! निदानस्थानातील वातप्रकोपक हेतू एकाच खाचरात पाहायचे असतील तर विद्यार्थ्याने आषाढात येथे यावे. लावणी उरकली की गुडघे आणि कंबर धरलेल्या बायका चिकित्सालयात येऊ लागतात.

आम्ही अनेक वर्षे याच सुमारास जानुशूलाची शिबिरे घेत आलो. उडदाच्या पिठाचे पाळे गुडघ्यावर बसवून त्यात कोमट तेल अर्धा-पाऊण तास धारण करायचे, त्याआधी स्थानिक स्नेहन, नंतर स्वेदन आणि पोटातून वातशामक कल्प. (जानुबस्ती ही नावापुरतीच बस्ती. खरी बस्ती सोडून तिच्यावरच समाधान मानण्याची आजची रीत हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) फेरतपासणी आम्ही दसरा-दिवाळीच्या सुमारास करीत असू. तेव्हा बहुतेक रुग्ण हसतमुखाने सांगत, “बरं हाय आता.” विद्यार्थी ‘लाभ’ लिहीत, आम्ही स्वाक्षरी करीत असू आणि संघटनेच्या सभांतून या यशाविषयी भाषणेही देत असू.

एका वर्षी फेरतपासणीच्या दिवशी एका आंतरवासी विद्यार्थिनीने भीतभीत विचारले, “सर, वाताचा प्रकोप वर्षा ऋतूत आणि प्रशम शरदात, असं आपण पहिल्या वर्षी शिकलो. आपण उपचार वर्षेत करतो आणि मोजतो शरदात. मग हा उपशय तेलाचा की शरदाचा?”

त्या क्षणी आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा अनुभवाचा दाखला दिला असावा. उत्तर नसले की वैद्य तेच करतो. पण प्रश्न मनात रुतून बसला. वाताचा चय ग्रीष्मात, प्रकोप वर्षेत, प्रशम शरदात, हे सूत्र प्रथम वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. ते आम्ही शेकडो वेळा शिकवले. मात्र स्वतःच्या नोंदवहीला ते कधी लावून पाहिले नव्हते.

गंमत अशी की हाच मुद्दा रुग्णांनीही आम्हाला सांगितला होता, पण तो ऐकण्याचा कान आमच्याकडे नव्हता. वेळवंड खोऱ्यातील एक आजी दरवर्षी म्हणत, “डाक्टर, लावणीत गुडघं धरत्यात. लावणी सरली, ऊन पडलं, की आपसूक हलकं हुत्यात.” आम्ही हसून पुढचे पाळे लावीत असू.

आधुनिक संशोधकही हाच सापळा वेगळ्या शब्दांत सांगतात. रुग्ण वैद्याकडे येतो तो वेदना शिगेला पोहोचल्यावर. आणि शिगेला पोहोचलेली वेदना बहुधा पुढे काही अंशी आपोआपच उतरते. मधल्या काळात जो उपचार झाला असेल त्याला श्रेय मिळते. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात जे दहा परीक्ष्य भाव सांगितले आहेत, त्यांतील ‘काल’ या भावाचे दोन अर्थ दिले आहेत. संवत्सर हा एक आणि आतुराची अवस्था हा दुसरा. ऋतूमुळे येणारा उतार आणि व्याधीच्या अवस्थेमुळे येणारा उतार, दोन्ही तेथे एका शब्दात सामावले आहेत. संशोधनपद्धतीचे पुस्तक हाती घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने हा अध्याय नोंदवही समोर ठेवून वाचावा, असे आम्हास वाटते.

पुढच्या वर्षी आम्ही विद्यार्थ्यांना एक साधे काम दिले. शिबिरात नाव नोंदवून गेलेले, परंतु नंतर न आलेले किंवा मध्येच थांबलेले रुग्ण शोधायचे आणि त्यांच्या घरी जायचे. आमच्या वहीत ही माणसे नव्हतीच. जे आले नाहीत ते बरे झाले असतील, असे आम्ही धरून चाललो होतो. परंतु या भागात रुग्ण का येत नाही याची कारणे गुडघ्यात नसतात. एसटीची दिवसातली फेरी चुकली की दिवस गेला. शेजाऱ्याच्या खाचरात लावणीचे पैरे फेडायचे असतात. दरड आली तर घाटातली वाट बंद. एक मावशी तर एवढ्याचसाठी थांबल्या होत्या की तेलाने लुगड्याला लागलेले डाग निघत नव्हते! हे कारण कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. पण पुढच्या शिबिरात आम्ही जुन्या चादरी आणून ठेवल्या.

काही घरी विद्यार्थ्यांना असे आढळले की उपचार अर्धवट सोडलेल्या, इतकेच नव्हे तर एकदाही न घेतलेल्या बायकांचे गुडघेही दसऱ्यापर्यंत हलके झाले होते. याला संशोधन म्हणता येणार नाही. घरे मोजकी, निवड सोयीची आणि विचारणारे आमचेच विद्यार्थी. परंतु ज्या आत्मविश्वासाने आम्ही सभेत बोलत होतो, तो ओसरायला एवढे पुरेसे होते.

याच फेरीत कानद खोऱ्यातील एका घरी जे घडले ते विस्ताराने सांगणे अवश्य आहे. पन्नाशी उलटलेल्या एक बाई तिसऱ्या दिवसानंतर शिबिराला आल्या नव्हत्या. गुडघा बरा आहे, असे त्या म्हणाल्या. विद्यार्थ्याने पत्रिका पुढे ठेवून रकाने क्रमाने विचारण्यास सुरुवात केली. घरी बसून दहा पत्रिका भरण्याची सोय येथे नव्हती. मलाविषयी खरोखर विचारण्याची त्याची ती पहिलीच वेळ, असे त्याने पुढे आम्हाला सांगितले. बाई संकोचल्या. मग म्हणाल्या की आठवडाभर काळे, डांबरासारखे होते आहे. बाजारच्या दिवशी आणलेल्या वेदनाशामक गोळ्या त्या रोज, कधी उपाशीपोटीही, घेत होत्या. गुडघा ‘बरा’ होता तो त्यामुळे. चेहरा पांढुरका, दोन पावलांत धाप. विद्यार्थ्याने हे आमातिसार वगैरे काही न मानता जठरातील रक्तस्राव असावा असे ओळखले आणि त्याच दुपारी गाडी मिळवून त्यांना रुग्णालयात हलवले. रक्त द्यावे लागले, बाई वाचल्या.

आमच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे ‘मल साम’ आणि ‘लाभ’ असे लिहिलेले होते, आणि खाली आमची स्वाक्षरी होती.

संशोधनकौशल्य म्हणून जे काही पदवीच्या विद्यार्थ्याला शिकवायचे, त्याचा आरंभ येथे आहे असे आमचे मत झाले आहे. विचारल्याशिवाय लिहायचे नाही. न आलेला रुग्ण बरा झाला असे धरायचे नाही. दुसऱ्या कोणाकडून काय घेतले, हे विचारल्याशिवाय आपल्या औषधाला श्रेय द्यायचे नाही. यासाठी सांख्यिकी लागत नाही. परंतु हे नसेल तर पुढची सारी सांख्यिकी खोट्या आकड्यांवर उभी राहते.

आकडे कोठून आणायचे याचा एक वस्तुपाठ आपल्याच जिल्ह्यात आहे. इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे पुण्याच्या संधिवात केंद्राचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय संधिवात संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमांतर्गत घरोघर पाहणी केली. ४,०९२ प्रौढांना विचारणा झाली आणि सुमारे १८ टक्के लोकांनी सांधे-स्नायूंच्या वेदना सांगितल्या. त्यांत आमवातसदृश दाहक संधिविकाराचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तर झीज होऊन दुखणाऱ्या सांध्यांचे त्याहून कितीतरी अधिक निघाले. येथे दवाखान्याच्या दारात आलेले रुग्ण मोजले नाहीत; दारे मोजली. भिगवण हा उजनीकाठचा, कमी पावसाचा प्रदेश आहे. तेथील आकडा उचलून हिरडस मावळाला लावता येणार नाही. देश हाही चरकोक्त दहा भावांपैकी एक आहे. पद्धत मात्र उचलता येते.

याच केंद्राने केलेले दुसरे काम आमच्या विद्यार्थ्यांना फार उपयोगी पडले. गुडघ्याच्या त्रासाचे मोजमाप करण्यासाठी जगभर ‘वोमॅक’ ही प्रश्नावली वापरतात. मूळ प्रश्नावलीत न्हाणीच्या टबात शिरता येते का, असा प्रश्न आहे. गुंजण मावळात हा प्रश्न विचारला तर काय उत्तर मिळेल, हे सांगायला नको. पुण्यातील या केंद्राने तिचे भारतीय रूप तयार केले आणि त्यात मांडी घालणे, उकिडवे बसणे अशा क्रिया आणल्या. आम्ही त्याच्या जोडीला विद्यार्थ्यांकडून गावचे प्रश्न तयार करून घेतले. उतारावरून हंडा घेऊन येताना थांबावे लागते का? पंगतीत मांडी घालून किती वेळ बसवते? खाचरातून बांधावर चढताना हात टेकावा लागतो का? प्रश्न त्यांनी स्वतः तयार केल्यामुळे पत्रिका घरी बसून भरण्याची सवय आपोआप सुटली. स्वतःचा प्रश्न विचारण्याची ओढ वेगळी असते.

मोजमापाविषयी आणखी एक प्रसंग. शिबिरात मदतीला आलेल्या भौतिकोपचार शाखेच्या एका विद्यार्थिनीने कोनमापक आणला होता. तिने आणि आमच्या विद्यार्थिनीने एकाच आजींचा गुडघा एकामागून एक मोजला. दोघींचे कोन जुळेनात. आमच्या विद्यार्थिनीला वाटले, उपकरण बिघडले. वास्तविक एकीने मापकाची भुजा मांडीच्या हाडाच्या रेषेत धरली होती, दुसरीने स्नायूच्या. दोघींनी मग दिवसभर एकमेकींचेच गुडघे मोजले आणि संध्याकाळी कुठे माप जुळले. दोन परीक्षकांचे एकमत ही संकल्पना वर्गात एका तासात सांगून होते. समजते ती अशी. नाडीपरीक्षेच्या बाबतीत हाच प्रयोग करावा, असे आम्ही सुचवले तेव्हा काही सहकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तद्विद्यसंभाषेत संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत. त्या दिवशी दुसऱ्या प्रकाराचा अनुभव आला, एवढेच म्हणतो.

असे केले तर आयुर्वेदाचे उणे बाहेर पडेल, ही भीती आम्ही अनेकांच्या बोलण्यात ऐकतो. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या एका राष्ट्रीय प्रकल्पात डॉ. चोप्रा, डॉ. भूषण पटवर्धन आदींनी गुडघ्याच्या संधिगतवातावर ४४० रुग्णांत २४ आठवडे आयुर्वेदीय कल्पांची तुलना ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब यांच्याशी केली. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुर्वेदीय कल्प परिणामात त्यांच्या बरोबरीचे ठरले. त्याच निबंधात आयुर्वेदीय गटातील काही रुग्णांत यकृताशी निगडित एसजीपीटी वाढल्याचे आणि ती वाढ नंतर ओसरल्याचेही स्वच्छ नमूद आहे. हे वाक्य गाळले असते तर आपल्या पंथाला क्षणभर बरे वाटले असते. पण तो कल्प घेणाऱ्या रुग्णाची यकृत-तपासणी करावी हे कोणाला सुचले नसते. बर्लिन येथे १५१ रुग्णांत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अभ्यंग-स्वेदन, आहार, योग यांसह संपूर्ण आयुर्वेदीय चिकित्सेची तुलना व्यायाम व भौतिकोपचारासह प्रचलित चिकित्सेशी केली गेली. १२ आठवड्यांअंती आयुर्वेदीय गटात सुधारणा अधिक दिसली. कोणास कोणता उपचार मिळतो हे रुग्णापासून लपवणे अर्थातच शक्य नव्हते आणि ती मर्यादा लेखकांनी मान्य केली आहे. आम्हाला त्यातील महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की रुग्णांना सहा महिन्यांनी आणि वर्षानेही पुन्हा विचारले गेले. वर्षभर विचारले की सारे ऋतू येऊन जातात. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला निदान अर्धे उत्तर तेथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर तुलनेसाठी दुसरा गट असल्याशिवाय मिळत नाही. एका गटाला आज, दुसऱ्याला काही आठवड्यांनी उपचार, आणि कोण कोठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवणे, हा मार्ग विद्यार्थ्यांनीच सुचवला. येथे आम्ही त्यांना थांबवले. रोजच्या कामाची नीट नोंद ठेवणे वेगळे आणि रुग्णांवर प्रयोग योजणे वेगळे. दुसऱ्यासाठी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी, रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती आणि २००७ पासून चालू असलेल्या भारतीय चिकित्सकीय चाचणी नोंदवहीत प्रारंभापूर्वी नोंद, ही वाट चालावी लागते. संमती म्हणजे अंगठ्याचा ठसा नव्हे, हेही सांगावे लागले. खेड्यातील बाई डॉक्टरला ‘नाही’ म्हणत नाही. ‘नाही म्हटलंत तरी उपचार मिळतीलच’ हे तिला पटेल अशा शब्दांत सांगता येणे, हे आम्ही विद्यार्थ्यांकडून मांडी घालून बसून, तिच्याच ओसरीवर घोटून घेतो. बहुतेकांना हे सांख्यिकीपेक्षा अवघड जाते.

चिठ्ठ्यांचा तो अभ्यास अजून झालेला नाही. संस्थेकडे प्रस्ताव तयार होत आहे आणि प्रश्न विचारणारी ती विद्यार्थिनी आता पदव्युत्तर शिक्षण घेत असूनही त्यात सामील आहे. दरम्यान आम्ही नोंदवहीची पाने बदलली. ‘लाभ’ हा रकाना काढून टाकला. त्याऐवजी उपचारापूर्वीचे माप, नंतरचे माप, ऋतू, लावणीचे दिवस, बाहेरून घेतलेल्या गोळ्या आणि न येण्याचे कारण असे रकाने आले. पहिली नोंद आता आषाढात होत नाही. चैत्र-वैशाखात, खाचरे कोरडी असताना आणि गुडघे तुलनेने शांत असताना, विद्यार्थी वाड्या-वस्त्यांवर जाऊन मापे घेतात. मग लावणीनंतर, मग शरदात आणि पुन्हा शिशिरात. आंतरवासितेचे वर्ष संपून एक तुकडी जाते आणि दुसरी येते, तेव्हा वही हातोहात सोपवली जाते. पूर्वीच्या तुकडीचे अक्षर लागत नाही, ही नव्या तुकडीची पहिली तक्रार असते.

सभांतून आम्ही आता जानुबस्तीविषयी एवढेच सांगतो की तेलाने बायकांना त्या दिवसांत उतार पडतो, रात्री झोप लागते आणि गोळ्या कमी करता येतात का ते आम्ही पाहत आहोत. शरदातील उपशयाचे श्रेय कोणाचे हे अजून ठरलेले नाही. टाळ्या पूर्वीपेक्षा कमी पडतात. मुळशी, मावळ वा महाडकडील ज्या वैद्यबंधुभगिनींकडे जानुशूलाच्या वर्षभराच्या नोंदी असतील, त्यांनी त्या पडताळून पाहाव्यात आणि शिशिरातील रकाना भरलेला आहे का, ते आम्हाला कळवावे. आमच्या वहीत गेल्या वर्षीचा तो रकाना निम्म्याहून अधिक रिकामा आहे, कारण त्याच महिन्यांत विद्यार्थ्यांच्या परीक्षा होत्या.